रिकामा डबा परत करायचा नसतो

भाजणीतली हरभऱ्याची डाळ रंग बदलायला लागली होती, तोच शेगडी आपणहून मंद झाली. इथल्या घरगुती गॅसच्या शेगडीला २००८ पासून प्रत्येक बर्नरच्या मधोमध स्प्रिंगवर बसवलेली एक खुंटी असते. ती कढईच्या बुडाला टेकते आणि बूड २५० अंशांच्या आसपास तापलं की आच उतरवते. तेल पेटून आगी लागू नयेत म्हणून केलेली ही सोय आहे आणि दाटीवाटीच्या या शहरात तिचं मोल मी जाणते. पण धान्य कोरडं भाजायला घेतलं की ती खुंटी आडवी येते. एक कळ तीन सेकंद दाबून धरली की मर्यादा जराशी वर सरकते. तेवढ्या अवधीत डाळीचा खमंगपणा साधायचा. टोक्योतली माझी ही अकरावी दिवाळी, म्हणजे २०२४ ची. हात आता सरावला आहे.

इथे गिरणी नाही. नाणं टाकून चालणाऱ्या यंत्रांच्या छोट्या टपऱ्या गावाकडे रस्त्याच्या कडेला दिसतात, पण त्या तांदूळ सडून देतात, दळून देत नाहीत. म्हणून भाजणी मिक्सरमधून काढायची आणि दोनदा चाळायची. तांदळाचं पीठ मात्र सुरेख मिळतं, फक्त नाव नीट वाचून घ्यावं लागतं. जोशिन्को म्हणजे रोजच्या भाताच्या तांदळाचं पीठ आणि मोचिको म्हणजे चिकट तांदळाचं. दोन्ही पांढरीशुभ्र, दोन्ही एकाच फळीवर शेजारी शेजारी. पहिल्या वर्षी माझ्या हाती मोचिको आलं. चकल्या तेलात फुगल्या, एकमेकींना चिकटल्या, दोन फुटल्या; उडालेल्या तेलाचा डाग मनगटावर अजून आहे. तेव्हापासून नवी कोणी मराठी मुलगी इकडे राहायला आली की जोशिन्कोची तीन अक्षरं मी कागदावर मोठी काढून तिच्या हातात देते.

तूप घरीच कढवायचं. बिनमिठाचं लोणी २०० ग्रॅमच्या विटांमध्ये मिळतं. २०१४ च्या अखेरीला लोण्याची टंचाई झाली तेव्हा दुकानदार एका गिऱ्हाइकाला एकच वीट देत होते, आणि त्या वर्षीचे बेसनाचे लाडू मी हात आखडूनच वळले. गुळाच्या जागी ओकिनावाचं कोकुतो चालतं. उसाचंच, पण रंगाने काळं आणि चवीला किंचित खारट. खसखस सापडेल की नाही ही धास्ती होती, तर ती बेकरीतल्या आनपानवर, म्हणजे गोड लाल चवळीसारख्या अझुकीचं सारण भरलेल्या पावावर, भुरभुरलेली दिसली. मग ती दुकानातही सापडली. बाकी पोहे, हिंग, वेलची, हे सगळं निशी-कासाईत मिळतं.

निशी-कासाई म्हणजे टोक्योच्या पूर्व टोकाच्या एदोगावा वॉर्डातलं तोझाई मार्गावरचं स्टेशन. जपानमध्ये आज ५० हजारांच्या आसपास भारतीय आहेत आणि टोक्योच्या वॉर्डांत सर्वांत जास्त भारतीय वस्ती एदोगावाचीच. ही वस्ती सन २००० च्या संगणक-संकटाच्या तयारीसाठी आलेल्या तरुण इंजिनिअरांमुळे वाढली. बँका आणि मोठ्या कंपन्यांची कार्यालयं असलेला ओतेमाची भाग याच तोझाई मार्गावर, सरळ एका गाडीने गाठता येतो. घर मिळणं मात्र अवघड होतं. जपानमध्ये भाड्याच्या घराला जामीनदार लागतो, शिवाय घरमालकाला परत न मिळणारी रक्कम भेट म्हणून द्यावी लागते. नव्या माणसाने जामीनदार आणायचा कुठून? सत्तरच्या दशकाच्या शेवटी कोलकात्याहून आलेले चहाचे व्यापारी जगमोहन चंद्राणी तेव्हा या मुलांच्या पाठीशी उभे राहिले. आणि यूआर नावाच्या सार्वजनिक वसाहतींनी मोठा आधार दिला, कारण तिथे ना जामीनदार लागतो, ना ती भेट. २०१९ मध्ये याच वॉर्डाच्या सभेवर योगेंद्र पुराणिक निवडून आले. जपानमध्ये निवडणूक जिंकणारे ते पहिले भारतीय वंशाचे, आणि आपले मराठी. त्या रात्री आमच्या वसाहतीत पेढे वाटले गेले.

या वसाहतींतल्या स्वयंपाकघरांत मी गेली दोन वर्षं दिवाळीच्या आधी वही घेऊन फिरले. एका घरी विजेवर चालणारी, सपाट काचेची शेगडी होती. तिच्यावर गोल बुडाची कढई बसतच नाही, म्हणून त्या वहिनींनी सासूबाईंची पितळी कढई कपाटात ठेवून जपानी तळणीचं खोलगट सपाट भांडं घेतलं आहे. त्या शेगडीला तेलाचं तापमान अंशांत ठरवून देता येतं. चकलीला किती आणि शंकरपाळ्याला किती, याचे आकडे वहिनींनी फ्रिजवर चिकटवून ठेवले आहेत. दुसऱ्या घरच्या मैत्रिणीचे अनारसे दोन वर्षं तुपात हसले. तांदूळ तीन दिवस भिजवले होते, पाणी रोज बदललं होतं, तरीही. तिसऱ्या वर्षी तिने कोकुतोचं प्रमाण कमी केलं आणि जाळी पडली. तिने मला जाळी पडलेला पहिला अनारसा दाखवला तो दोन्ही तळव्यांवर ठेवून. तळणीचं उरलेलं तेल मोरीत ओतायची इथे सोय नाही. गरम तेलात एक पांढरी पूड ढवळायची, तेल गार झालं की थिजून त्याची चकती होते, आणि ती उचलून जळणाऱ्या कचऱ्याच्या पिशवीत टाकायची. दिवाळीच्या आठवड्यात आमच्या मजल्यावर अशा चकत्या घरोघरी निघतात.

नरक चतुर्दशीला सुट्टी नसते. पहाटे पाचला उटणं लावून अंघोळ, पणती, फराळाचा पहिला घास, आणि सातच्या सुमाराला तोझाईच्या त्या खच्चून भरलेल्या गाडीत. केसांना तेलाचा वास असतो आणि शेजारी उभ्या माणसाला त्याचं कारण ठाऊक नसतं. मला सर्वांत परकं वाटायचं ते त्याच गाडीत. फराळ कितीही चांगला झाला तरी त्याची वाट बघणारं दाराबाहेर कोणी नाही, ही रुखरुख सात वर्षं होती.

मग आम्ही या इमारतीत आलो. लाडवाचं बेसन भाजलं त्याच्या दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या आजींनी विचारलं, “काल तुमच्याकडे किनाको भाजत होतात का?” किनाको म्हणजे भाजलेल्या सोयाबीनचं पीठ, मोचीवर, म्हणजे चिकट तांदळाच्या गोळ्यांवर, घालतात. बेसनाचा वास त्यांच्या खिडकीतून आत गेला होता. मी संध्याकाळी स्टीलच्या डब्यात दोन लाडू, चार चकल्या आणि मूठभर शंकरपाळे घालून वर नेऊन दिले. जपानीत याला ओसुसोवाके म्हणतात, म्हणजे आपल्याकडे आलेल्या चांगल्या वस्तूतला वाटा शेजाऱ्याला देणं. शंकरपाळा चावून आजी म्हणाल्या, हा तर आमच्या कारिन्तोचा भाऊ.

तीन दिवसांनी डबा परत आला. धुऊन, पुसून, आत चार पर्सिमॉन आणि एक काडेपेटी. फळं समजली, काडेपेटीचा अर्थ लागेना. आजींनी सांगितलं, भांडं रिकामं परत करायचं नसतं. काहीच नसलं घरात तर निदान काडेपेटी किंवा कोरा कागद तरी ठेवायचा. या रिवाजाला ओउत्सुरी म्हणतात आणि तो आता जुन्या माणसांतच उरला आहे. मी तिथेच जिन्यात उभी राहून त्यांना आईचं सांगितलं. आई शेजारणीची वाटी परत करताना घरात काही नसलं तर चिमूटभर साखर घालून पाठवायची. आजींनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

तेव्हापासून डबा ये-जा करतो. या दिवाळीत तो परत द्यायला आजोबा आले. डब्यात भाजलेली रताळी होती, आणि त्यांनी विचारलं, “सोमवारी सुट्टी आहे. हाझे धरायला येणार का? लेकीलाही आणा.”

हाझे म्हणजे वीतभर लांबीचा, मोठ्या डोक्याचा, खाडीच्या तळाशी चिकटून राहणारा मासा. आपल्याकडच्या निवट्यांच्या गोतातला. बहुतेक हाझे वर्षभरच जगतात: उन्हाळ्यात बोटाएवढे, शरदात वीतभर, आणि थंडी वाढली की खोल पाण्यात उतरतात, त्या उतरणाऱ्यांना ओची-हाझे म्हणतात. एदो काळापासून टोक्योच्या माणसांचा हा लाडका गळाचा मासा, कारण नाव लागत नाही, मोठं सामान लागत नाही, पोरांनाही सापडतो. पण आजोबांना तो हवा होता नव्या वर्षाच्या झोनीसाठी.

झोनी म्हणजे १ जानेवारीला सकाळी घरोघरी होणारं मोचीचं सार. प्रत्येक प्रांताचं वेगळं, प्रत्येक घराचंही वेगळं. सेंदाईकडच्या झोनीचा प्राण म्हणजे भाजून सुकवलेला हाझे. तो उकळून सार काढतात; मग त्यात चौकोनी भाजलेली मोची, मुळा-गाजराचे उकडून गोठवलेले कीस, गोठवून सुकवलेला तोफू, सेरीची पालेभाजी, वर साल्मनची लालबुंद अंडी, आणि सुकवलेले अळूचे देठ. हो, अळूचे देठ! आजींनी ती पिवळसर, दोरीसारखी जुडी दाखवली तेव्हा मला माजघरात टांगलेली देठी आठवली. पुष्कळ घरांत अख्खा हाझे वाटीवर आडवा ठेवतात, डोकं एका काठाबाहेर, शेपूट दुसऱ्या.

आजोबा सेंदाईच्याच बाजूच्या इशिनोमाकीकडचे. त्या किनाऱ्यावर नागात्सुरा-उरा नावाची खाडी आहे, तिथला भाजका हाझे नावाजलेला. १९६४ मध्ये, टोक्यो ऑलिंपिकच्या वर्षी, नववीची शाळा संपवून पंधराव्या वर्षी ते गाडीत बसले आणि उएनो स्टेशनावर उतरले. ईशान्येकडच्या खेड्यांतून अशा मुलांच्या गाड्याच्या गाड्या भरून येत. वर्तमानपत्रं त्या मुलांना ‘सोन्याची अंडी’ म्हणत. आजोबा लेथवर लागले, चाळीस वर्षं तेच काम केलं. घरून दर डिसेंबरला गवताच्या दोरीत ओवलेले हाझे येत. मी त्यांना कोकणातल्या चाकरमान्यांबद्दल सांगितलं, गिरणीत राबणारे, गावाहून आलेल्या माणसाच्या हातात कोकमं आणि सुकटीची पिशवी बघून उजळणारे. ते म्हणाले, “तेच.” २०११ च्या मार्चमध्ये त्सुनामी आली. भाऊ वाचला, होडी आणि भाजायची जागा गेली. त्या डिसेंबरला काही आलं नाही. पुढच्या शरदात आजोबांनी गळ विकत घेतला.

माझ्या भिंतीवर कालनिर्णय असतं. त्यांच्या फ्रिजवर शिओमिह्यो, म्हणजे भरती-ओहोटीचं कोष्टक. लक्ष्मीपूजन शुक्रवारी, १ नोव्हेंबरला. अमावस्या, म्हणून त्यांच्या कोष्टकात ओशिओ, मोठं पाणी. मी उरणची, अमावस्येला उधाण हे मला शिकवावं लागत नाही. पण दिवाळीच्या अमावस्येचं उधाण इथल्या नदीतही त्याच रात्री चढतं, हे मी तोवर कधी मनात आणलं नव्हतं. शनिवारी, पाडव्याला, पाऊस कोसळला. रविवारी भाऊबीज आणि जपानचा संस्कृती दिन एकाच दिवशी आले, म्हणून सोमवारी बदली सुट्टी. नदी अजून थोडी गढूळ होती. आजोबांना ते पसंत होतं.

क्यू-एदोगावा, म्हणजे जुनी एदोगावा नदी, टोक्यो आणि चिबा यांच्या मधली हद्द आहे. पलीकडे उरायासु. आम्ही सकाळी सातला काँक्रीटच्या बांधावर बसलो. आजोबांनी आओइसोमे नावाचे जिवंत किडे आणले होते, गांडुळासारखे लांब पण दोन्ही कडांना पायांची झालर असलेले. बोटांतून निसटू नयेत म्हणून त्यांना दगडाच्या पुडीत घोळवायचं, तोंडाकडून गरी आत घालायची आणि शेपटीचा जेमतेम सेंटिमीटर लोंबता ठेवायचा. लांब ठेवला तर हाझे तेवढाच तोडून नेतो. लेकीने पहिल्यांदा डोळे मिटून घेतले. तिसऱ्या खेपेला स्वतः ओवला.

शिसं तळाला टेकलं की दोरी ताणून धरायची, आणि मग हळूहळू, वीत-वीतभर ओढत आणायची. चिखलातून शिसं सरकताना दांडीत एक गुळगुळीत जडपणा जाणवतो. शिंपल्यांवरून जाताना खरखर. आणि मग अचानक ब्रर्र्र असा थरथराट, अगदी बोटांच्या टोकाशी. आजोबा म्हणाले, झटका देऊ नका, एक श्वास थांबा. श्वास घेतला, दांडी उचलली आणि मासा आला. वाळूच्या रंगाचा, अंगावर फिकट ठिपके, पोटाखालचे पर एकत्र जुळून झालेली गोल चकती, जिने तो दगडाला धरून बसतो. लेकीने ती चकती तळहाताला लावून बघितली. “आई, हा मला धरतोय!”

ओहोटी लागली तशी दहाच्या आधीचा तासभर हात थांबले नाहीत. आजोबा प्रत्येक मासा बर्फाच्या खाऱ्या पाण्यात टाकत आणि बारके परत सोडत.

मधल्या वेळात ते नदीविषयी बोलले, आणि नंतर मी उरायासुच्या संग्रहालयात जाऊन बाकीचं समजून घेतलं. तिथे १९५२ सालचं कोळीगाव उभं केलं आहे: फळ्यांची घरं, शिंपले सोलायची जागा आणि बेका, म्हणजे एकट्या माणसाची सपाट बुडाची होडी. समुद्रातलं नोरी नावाचं शेवाळ आणि शिंपले यांवर हे गाव जगायचं. १९५८ मध्ये वरच्या अंगाच्या एका कागद कारखान्याचं काळं पाणी नदीत सुटलं आणि मासे-शिंपले मरून तरंगले. १० जूनला उरायासुचे कोळी त्या कारखान्यात शिरले, पोलिसांशी झटापट झाली, पुष्कळजण जखमी झाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पाण्याच्या प्रदूषणावरचे जपानचे पहिले दोन कायदे झाले. पण समुद्र पूर्ववत झाला नाही. भराव पडत गेला, आणि १९७१ मध्ये कोळ्यांनी मासेमारीचे उरलेसुरले हक्कही सोडून दिले. भरावामुळे उरायासुची जमीन जवळजवळ चौपट झाली. त्याच जमिनीवर १९८३ मध्ये डिस्नीलँड उघडलं.

हे वाचताना माझ्यासमोर उरणची खाडी होती. १९८९ मध्ये बंदर सुरू झालं तेव्हा मी शाळेत होते. ज्या चिखलात माझी आजी गुडघाभर उतरून बिळात हात घालून निवट्या काढायची, तिथे आता कंटेनरांच्या रांगा आहेत. तिच्या हातची कोकमं घातलेली निवट्यांची आमटी मी शेवटची कधी खाल्ली ते आठवत नाही, आणि त्याचं मला दुःख आहे. उरायासुत जे गेलं ते गेलंच. पण नदीच्या मुखाशी कासाईला राखलेला उथळ समुद्र २०१८ मध्ये रामसर पाणथळ म्हणून नोंदला गेला, टोक्योतला पहिला. आणि हाझे परत येतात. काँक्रीटच्या बांधाखाली थोडा चिखल उरला आहे, तेवढ्यावर येतात. उरणच्या माणसांनी हे बघावं असं मला फार वाटतं.

दुपारी आजींच्या ओट्यावर आम्ही चौघं. बुळबुळीतपणा जायला हाझे मिठाने चोळायचे, आपण बोंबील-मांदेली चोळतो तसे. खवले खरवडायचे, डोकं काढायचं, पाठीकडून सुरी घालून पोटाची कातडी अखंड ठेवत उघडायचं आणि काटा उचलून टाकायचा. शेपटीशी दोन्ही बाजू जोडलेल्या राहतात. बर्फाच्या पाण्यात मैदा जेमतेम कालवायचा, गाठी राहिल्या तरी चालतील, किंबहुना राहाव्यातच. तेल १८० अंश. मासा तेलात पडला की आधी मोठे बुडबुडे येतात, आवाज जड असतो. पाणी उडून गेलं की बुडबुडे बारीक होतात, आवाज पातळ होतो आणि मासा वर तरंगतो. आजी कढईकडे बघतही नव्हत्या, कान देऊन होत्या. मला चकली आठवली. तीही बुडबुडे निवल्यावरच काढायची असते.

नंतर मी माझ्या पद्धतीचे केले: हळद, तिखट, मीठ, उरणहून आणलेलं कोकमाचं आगळ, आणि वरून जोशिन्कोत घोळवून. आजोबांनी पहिला तुकडा खाल्ला, दुसरा उचलला, आणि आगळाच्या बाटलीचं झाकण उघडून वास घेतला. ही उमेबोशीची, म्हणजे इथल्या खारवलेल्या आंबट फळाची, बहीण दिसते, असं आजींचं म्हणणं पडलं.

चांगले मोठे हाझे आजोबांनी अख्खेच बाजूला काढले होते. इमारतीत कोळसा पेटवता येत नाही, म्हणून शेगडीखालच्या मासे भाजायच्या खणात त्यांनी ते मंद आचेवर बराच वेळ ठेवले, मग गॅलरीत निळ्या तीन मजली जाळीत टांगले. रोज सकाळी कामाला निघताना मान वर करून मी ती जाळी बघायची. महिनाभरात ते तांब्याच्या रंगाचे आणि लाकडासारखे टणक झाले. आजोबांनी गवताची दोरी कुठूनतरी मिळवली आणि दहा-दहा ओवून माळा केल्या.

१ जानेवारीच्या सकाळी दार वाजलं. आजी लाखेच्या झाकणाच्या तीन वाट्या तबकात घेऊन उभ्या होत्या. झाकण उघडलं तेव्हा धुराचा, समुद्राचा आणि मुळ्याचा असा एकत्र वास आला. साराचा रंग फिकट सोनेरी. अळूचा देठ दाताखाली सुळसुळला. लेकीच्या वाटीवरच्या हाझेच्या शेपटीला एका बाजूने छोटासा छेद होता. बांधावर गरी काढताना तिच्या हातून तो पडला होता आणि तिने तेव्हाच मला दाखवला होता. ती वाटीकडे बघतच राहिली, मग माशाचं डोकं धरून हळूच सारात बुडवलं.

वाट्या धुऊन, मऊ फडक्याने पुसून मी ओट्यावर ठेवल्या. संक्रांतीला दोन आठवडे होते, पण तीळ घरात होते. मी कढई चढवली.